मोटारीचा फूत्कार : हवा आत शिरते की बाहेर पडते?

यंत्राचा आवाज ऐकून त्याचे दुखणे ओळखणे ही विद्या सोलापुरात नवी नाही. एखाद्या मागाचा सूर बिघडला की जाणता जॉबर खडखडाटातही मान वळवतो, हे ज्यांच्या घरात गिरणीची नोकरी झाली त्यांना सांगावयास नको. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण शिकलीसवरलेली माणसे हा कान वापरीत नाही. आवाज आला की गाडी गॅरेजच्या दारात उभी करतो आणि मोकळे होतो. आमचेही तसेच झाले.

एका उन्हाळ्यात आम्ही कुटुंबासह तुळजापुरास निघालो होतो. सपाट रस्त्यावर गाडी शांत होती. घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून सापाच्या फूत्कारासारखा आवाज येई आणि गाडी ओढेनाशी होई. पाय सैल केला की आवाज बंद. परत आल्यावर मिस्त्रींनी गाडी जागेवरच रेस करून पाहिली. आवाज नाही! त्यांनी हवेचा फिल्टर बदलून दिला, आणि पुढच्या खेपेस घाटात पुन्हा तोच फूत्कार.

असे का व्हावे? उत्तरासाठी एकच प्रश्न विचारावा लागतो. फूत्कारणारी ही हवा आत शिरते आहे, की बाहेर पडते आहे?

आपल्याभोवतीच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन मंद चालत असते तेव्हा हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. सिलिंडर हवा ओढू पाहतात, ती पुरेशी मिळत नाही, म्हणून मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या निम्म्याहूनही कमी होतो. तेथली रबरी नळी चिरली असेल तर बाहेरची हवा त्या फटीतून सुसाट आत शिरते. ॲक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, आतला दाब वाढतो आणि फूत्कार उलट मंदावतो. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभारली. त्या कारखान्याच्या कार्बुरेटरवर चालणाऱ्या पद्मिनीसारख्या गाड्यांवर जुन्या मिस्त्रींचा कान तयार झाला. त्या गाडीस जागेवर उभी करून ऐकणे हीच रीत योग्य होती.

आजच्या डिझेल गाड्यांत आणि कित्येक पेट्रोल गाड्यांत मात्र टर्बो असतो. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि हवा दाबून इंजिनात भरते. गाडीस जोर लागला की नळ्यांतला दाब बाहेरच्या दीडपट, प्रसंगी दुपटीच्याही वर जातो. नळी चिरली असेल तर ही हवा आता बाहेर पडते. उभी गाडी कितीही रेस केली तरी इंजिनावर ओझे नसते, म्हणून टर्बोचा दाब फारसा चढत नाही. गॅरेजात शांत असलेली गाडी घाटात फूत्कारते, ती यामुळे.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे मिस्त्रींना शेजारी बसवून चढावर नेणे. नंतर इंजिन थंड होऊ द्यावे आणि टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत व तेथून इंजिनापर्यंतच्या नळ्या हाताने दाबून पाहाव्यात. गळक्या जागी तेलाचा ओशट थर येतो व त्यावर धूळ चिकटते. तरीही फट दिसली नाही, तर पंक्चरवाल्याचीच युक्ती वापरावी. मिस्त्रींकडून नळीत बेताचा दाब भरून घ्यावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे जागा दाखवतात. आमच्या गाडीत वळणाच्या खालच्या अंगास बोटभर चीर निघाली. उष्णतेने रबर कडक होते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याचे वर्णन काय करावे! नवी नळी व नवा क्लॅम्प बसवताच पिकअप परतला. चिकटपट्टीने असा दाब फार दिवस आवरत नाही.

दोन फूत्कारांची मात्र हयगय करू नये. पहिला धुराच्या मॅनिफोल्डचा. गॅसकेट फुटले असेल तर जोर लावताना 'फस् फस्' असा तुटक आवाज येतो, सांध्यापाशी काजळी दिसते, आणि इंजिन तापून धातू फुगला की आवाज पुष्कळदा कमी होतो. कमी झाला म्हणून निर्धास्त राहू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो गाडीत शिरू शकतो.

दुसरा ब्रेकचा. ब्रेक दाबताच पायापाशी फूत्कार होत असेल, तर पायाच्या जोरास मदत करणारा बूस्टर गळत असण्याचा संभव आहे. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबावा, पाय दाबून ठेवावा आणि इंजिन सुरू करावे. ब्रेक किंचित खाली गेला पाहिजे. गेला नाही, तर गाडी घाटात नेऊ नये. चढताना गाडी ओढली नाही तर फार तर उशीर होतो. उतरताना ब्रेक लागला नाही तर काय होते, ते सांगण्याची गरज नाही.

दुरुस्ती मिस्त्रींनीच करावी. परंतु आवाज केव्हा येतो, चढावर की उभ्या गाडीत, थंड असताना की तापल्यावर, हे पाहणारा माणूस गाडीत बसलेला असतो. एवढे नेमके सांगता आले, तर मिस्त्रींचे अर्धे काम आपणच केलेले असते.