निशिगंध म्हणजे जोखमीची सुखं

1884 साली लंडनमध्ये एक चिमुकलं पुस्तक निघालं. मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांमुळे घराघरांत पोचलेल्या केट ग्रीनअवेने ते सजवलं होतं आणि रंगीत छपाईत ज्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्या एडमंड इव्हान्सने ते छापलं होतं. नाव होतं 'फुलांची भाषा'. शेवटी थोड्या कविता सोडल्या तर पुस्तकात होती नुसती यादी: एकीकडे झाडाचं नाव, समोर त्याचा अर्थ.

ही यादी मराठी माणसाने वाचायला घेतली की पानोपानी तो थबकतो. निशिगंध म्हणजे जोखमीची सुखं. आपण लग्नाच्या स्टेजवर ज्याच्या माळा सोडतो, तोच हा निशिगंध! तुळशीच्या कुळातल्या बेसिलपुढे लिहिलंय द्वेष. लॅव्हेंडर म्हणजे अविश्वास, हायड्रेंजिया म्हणजे बढाईखोर, कोबी म्हणजे लाभ, बटाटा म्हणजे परोपकार, लेट्यूसची पानं म्हणजे थंड काळीज. ज्या झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही, त्याच्यापुढे 'ग्राम्य मनाची माणसं'. तिथे त्याला आफ्रिकन म्हटलंय. खरं तर हे झाड मूळचं मेक्सिकोकडचं. म्हणजे बिचाऱ्याचं गावही चुकलं आणि वर अब्रूही गेली. मिन्योनेट नावाच्या, दिसायला साध्या पण सुवासिक फुलाचा अर्थ तर असा, की तुझ्या रूपापेक्षा तुझे गुण सरस. हे फूल हातात पडल्यावर मुलीने खूश व्हायचं की रुसायचं, ते मात्र यादीत नाही.

सगळंच असं अधांतरी नाही. तेरडा घ्या. यादीत त्याचा अर्थ आहे उतावीळपणा. गौरी आणताना तेरड्याच्या पिकल्या बोंडाला ज्याने बोट लावलंय त्याला कारण सांगावं लागणार नाही. नुसता स्पर्श होतो, बोंड फट्‌दिशी उलगडतं आणि बिया चहूकडे उडतात. पिकताना बोंडाच्या भिंतीत ताण साठत जातो आणि जरासं निमित्त मिळालं की तो सुटतो. वनस्पतिशास्त्रातलं या झाडाचं लॅटिन नावही याच अधीरपणावरून पडलंय. आपणही तेरड्याला अर्थ दिला, पण आपली नजर गेली रंगाकडे: तेरड्याचा रंग तीन दिवस. झाड तेच. लंडनच्या बागेत कुणी त्याच्या बोंडावरून उतावळ्या माणसाला ओळखलं, आणि इथे कुणी त्याच्या फुलावरून चार दिवसांच्या उत्साहाला. लाजाळूच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचं एकमत आहे. तिथेही ती हळव्या मनाचीच खूण.

ही यादी आली कुठून? त्याची गोष्ट यादीपेक्षाही नवलाची आहे, आणि ती सुरू होते इस्तंबूलमध्ये.

लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही ऑटोमन दरबारातल्या इंग्रज वकिलाची बायको. बाई भलतीच चौकस. तुर्की बायका देवी निघू नयेत म्हणून टोचून घेतात हे तिने पाहिलं, स्वतःच्या मुलालाही तिथे टोचून घेतलं आणि पुढे इंग्लंडमध्ये त्या पद्धतीसाठी रान उठवलं. 1718 साली तिथून लिहिलेल्या एका पत्रात तिने मैत्रिणीला एक तुर्की प्रेमपत्र पाठवलं. पत्र म्हणजे एक थैली. तिच्यात मोती, लवंग, पिवळं नर्गिसासारखं फूल, कागद, नासपती, साबण, कोळसा, गुलाब, काडी, दालचिनी, मिरी अशा वस्तू. प्रत्येक वस्तूचा एक निरोप. बोटांना शाई न लावता भांडता येतं, रुसता येतं, प्रेम कळवता येतं, अगदी बातम्याही देता येतात, असं तिने कौतुकाने कळवलं. तिच्या मृत्यूनंतर, 1763 मध्ये, ही पत्रं पुस्तकरूपाने आली आणि युरोपला वस्तूंच्या या भाषेचं, 'सेलाम'चं, वेड लागलं. जनानखान्यातली कोंडलेली सुंदरी, भिंतीपलीकडचा प्रियकर आणि मध्ये एक मूक गुच्छ! लोकांना आणखी काय हवं?

पण त्या थैलीची गंमत वेगळीच होती. वस्तूचा आणि निरोपाचा संबंध अर्थाचा नव्हताच, तो यमकाचा होता. नासपतीला तुर्कीत म्हणतात 'आर्मुत'. आशेला म्हणतात 'उमुत'. म्हणून नासपती पाठवली की निरोप जातो, आम्हाला थोडी आशा दे. नासपतीत आशादायक असं काही नाही, फक्त तिचं नाव जुळतं. आपल्या उखाण्यांचंही असंच असतं. पहिल्या ओळीत चांदीचं ताट येतं ते शेवटच्या शब्दाशी जुळावं म्हणून. उद्या एखादा परदेशी पाहुणा लग्नात तेवढंच ऐकून परत गेला आणि त्याने लिहिलं की मराठी लोकांत चांदीचं ताट हे नवऱ्याचं चिन्ह आहे, तर जे होईल तेच युरोपात झालं. 1809 मध्ये व्हिएन्नाच्या योझेफ फॉन हॅमर-पुर्गस्टाल या तुर्की भाषेच्या जाणकाराने हे यमकाचं प्रकरण उलगडून सांगितलं. हा चोरट्या प्रेमिकांचा टपालमार्ग नसून जनानखान्यातल्या बायकांचा आपसातला खेळ आहे, असंही तो म्हणाला. कुणी फारसं ऐकलं नाही. खुलासा कल्पनेइतका चविष्ट नव्हता, हे तर उघडच आहे.

दहाच वर्षांनी, 1819 मध्ये, पॅरिसमध्ये 'फुलांची भाषा' या नावाचं फ्रेंच पुस्तक निघालं. लेखिका शार्लोत द लातूर. आपल्या लातूरशी तिचा काही संबंध नाही. किंबहुना ते नावही खरं नाही, या टोपणनावाआड लुईझ कोर्तांबेर नावाची बाई होती असं सहसा मानतात. यमकं आता गेली. त्यांच्या जागी ग्रीक-रोमन पुराणकथा, संतचरित्रं, औषधी गुण, झाडाच्या सवयी आणि लेखिकेची स्वतःची कल्पना असं सगळं मिसळून एक नवी भाषा तयार झाली. तिला व्याकरणसुद्धा होतं! काटे आणि पानं असलेली गुलाबाची कळी म्हणजे 'भीती वाटते, पण आशाही आहे'. काटे काढले तर आशेला पूर्ण वाव. पानं काढली तर फक्त भीती. आणि कळी उलटी धरून परत केली तर ना भीती, ना आशा, विषय संपला.

मग पुस्तकांचा पूर आला. लंडनमध्ये 1825 साली हेन्री फिलिप्सने आपलं पुस्तक काढलं, पुढे रॉबर्ट टायसने. अमेरिकेत 1829 मध्ये एलिझाबेथ वर्टचं आलं, 1832 मध्ये सारा हेलचं. व्हिक्टोरिया गादीवर आली 1837 मध्ये, तोवर जमीन नांगरून तयार होती. पुढची मशागत काळाने केली. 1845 मध्ये इंग्लंडात काचेवरचा कर उठला आणि मध्यमवर्गीयांच्या घरामागे काचघरं उभी राहिली. नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरला बंद काचपेटीत रोपं तग धरतात असं आढळलं होतं. त्या पेट्यांतून जगभरची झाडं जहाजांवर जिवंत प्रवास करू लागली. मुलींनी वनस्पतिशास्त्र शिकावं, फुलं चितारावीत, दाबून वहीत चिकटवावीत, हे सुसंस्कृत मानलं जाई. सोनेरी कडांची छोटी पुस्तकं भेट द्यायची चालही जोरात होती. फुलांचा कोश या सगळ्यात अचूक बसला.

आता गमतीचा भाग. या भाषेत खरोखर कुणी बोललं का? बेव्हर्ली सीटन या अमेरिकन अभ्यासिकेने अशा कोशांचा बारकाईने अभ्यास करून 1995 मध्ये इतिहास लिहिला. तिचा निष्कर्ष असा की प्रेमिकांनी हे कोश समोर ठेवून गुपचूप पत्रव्यवहार केल्याचा पुरावा जवळपास मिळत नाही. आणि तो कसा मिळावा? कोश एकमेकांशी जुळतच नसत. एकात जे फूल प्रेमाचं, ते दुसऱ्यात तक्रारीचं. ग्रीनअवेच्या यादीत पिवळ्या गुलाबापुढे प्रेमाची ओहोटी आणि मत्सर हे दोन्ही आहेत. शिवाय पिवळं कार्नेशन म्हणजे तुच्छता, पट्टेदार कार्नेशन म्हणजे नकार आणि गडद लाल कार्नेशन म्हणजे हाय रे माझं काळीज. संध्याकाळच्या मिणमिणत्या दिव्यात लाल आणि पट्टेदार यांत घोळ झाला असता, तर एखाद्याचा संसार व्हायच्या आधीच मोडला असता. व्हिक्टोरियन दिवाणखान्यात गुच्छांतून गुप्त संवाद चालत ही आजची लाडकी कल्पना म्हणजे तुर्की थैलीच्या दंतकथेचीच पुढची पिढी.

मला थक्क करतं ते याच्या पुढचं. व्यवहारात जी भाषा कुणी धड बोललं नाही, ती कलावंतांनी बोलून बोलून खरी केली.

जॉन एव्हरेट मिलेचं 'ओफिलिया' हे चित्र लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये आहे. 1851 च्या उन्हाळ्यात त्याने सरे परगण्यातल्या हॉग्स्‌मिल नदीच्या काठी ठाण मांडलं आणि पानन्‌पान समोर बघून रंगवलं. मुक्काम इतका लांबला की निरनिराळ्या ऋतूंतली फुलं चित्रात एकाच वेळी फुलली. ओफिलियाची मॉडेल एलिझाबेथ सिडल नंतर लंडनमध्ये भरल्या टबात पडून राहिली. पाणी कोमट ठेवणारे दिवे एकदा विझले, ती आजारी पडली आणि डॉक्टरच्या बिलावरून तिच्या वडिलांनी मिलेला धारेवर धरलं. चित्रातली बरीच फुलं शेक्सपिअरच्या नाटकातून आलेली आहेत: गळ्यातली व्हायोलेटची माळ, डेझी, पॅन्सी, झोंबणाऱ्या पानांची खाजकुयली म्हणावी तशी नेटल. पण तिच्या हाताजवळ तरंगणारं लालभडक खसखशीचं फूल नाटकात नाही. ते मिलेने घातलं. खसखस म्हणजे अफूचं झाड, म्हणजे झोप आणि मरण. चित्र बघताना आधी डोळा त्या लाल ठिपक्याकडे जातो, नाव नंतर आठवतं. भाषेचं काम याहून वेगळं काय असतं?

एडिथ व्हॉर्टनच्या 'द एज ऑफ इनोसन्स' या 1920 च्या कादंबरीत न्यूयॉर्कचा न्यूलँड आर्चर आपल्या वाग्दत्त वधूला, मे हिला, रोज लिली ऑफ द व्हॅली पाठवतो. एके दिवशी फुलवाल्याकडे त्याला पिवळे गुलाब दिसतात. ते तो पाठवतो दुसऱ्याच एका बाईला, एलेनला, आणि आपलं कार्ड पाकिटातून काढून घेतो. कोश कुणी उघडत नाही, व्हॉर्टन एका शब्दाने अर्थ सांगत नाही. वाचकाला मात्र दोन्ही बायका आणि मधला गोंधळलेला पुरुष लख्ख दिसतो.

ऑस्कर वाइल्डने तर भाषेवरच कुरघोडी केली. 1892 च्या फेब्रुवारीत त्याच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला त्याने मित्रांना कोटाला हिरवं कार्नेशन लावून यायला सांगितलं. निसर्गात नसलेला रंग, देठातून रंगीत पाणी पाजून आणलेला. अर्थ कोणत्याच कोशात नाही! लंडन चर्चा करत बसलं. दोन वर्षांत त्याच नावाची एक उपहासात्मक कादंबरीही निघाली.

अलीकडचं उदाहरण म्हणजे व्हनेसा डिफेनबॉची 2011 ची कादंबरी, 'द लँग्वेज ऑफ फ्लॉवर्स'. अनाथ मुलांसाठीच्या सरकारी व्यवस्थेत वाढलेली, माणसांशी बोलणं नको असलेली नायिका फुलांतूनच बोलते. पण पिवळ्या गुलाबापाशी तिला कोशांचं भांडण सापडतं आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकते. मग ती स्वतःचा कोश करायला घेते. त्यातून कादंबरीच्या शेवटी आणखी एक यादी छापली गेली.

ब्रिटिश राजघराण्याने ही भाषा सर्वांत चिकाटीने सांभाळली. तिथे मर्टल नावाच्या सुगंधी झुडपाचं मोठं प्रस्थ. 1845 मध्ये व्हिक्टोरियाने ते वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये लावलं. 1858 मध्ये तिच्या थोरल्या लेकीच्या लग्नातल्या गुच्छात त्याची डहाळी होती. पुढे 1947 मध्ये भावी राणी एलिझाबेथच्या गुच्छात, 2011 मध्ये केट मिडलटनच्या. एलिझाबेथच्या गुच्छातली डहाळी रुजवून वाढवलेल्या झाडाची पानं 2022 मध्ये तिच्या शवपेटीवरच्या पुष्पचक्रात होती, शेजारी आठवणीची रोजमेरी आणि बळकट प्रेमाचा ओक. डहाळी लावून वाढवलेलं झाड हे जुन्याच झाडाचा विस्तार असतं, बी नसतं मध्ये. म्हणजे लग्नात तिने जे झाड हातात धरलं, जवळपास पंच्याहत्तर वर्षांनी तेच तिच्या सोबतीला आलं.

याच एलिझाबेथच्या 1953 च्या राज्याभिषेकाचा पोशाख नॉर्मन हार्टनेलने केला. त्यावर राष्ट्रकुलातल्या देशांच्या खुणा भरलेल्या: कॅनडाचं मेपलचं पान, ऑस्ट्रेलियाचं वॉटल, पाकिस्तानसाठी गहू, कापूस आणि ताग, भारतासाठी कमळ. ग्रीनअवेच्या यादीत कमळाच्या फुलापुढे लिहिलंय 'दुरावलेलं प्रेम'. स्वातंत्र्याला सहा वर्षं होत आली होती, तेव्हा योगायोग म्हणून सोडून द्यावा. वेल्ससाठी हार्टनेलला डॅफोडिल हवं होतं, पण वेल्सचं अधिकृत चिन्ह लीक, म्हणजे कांद्याच्या भावकीतली भाजी, असं त्याला बजावण्यात आलं आणि त्याने नाइलाजाने रेशमात ती भाजी भरली. राणीचा डावा हात जिथे टेकेल तिथे मात्र त्याने कुणाला न सांगता चार पानांचं एक शॅमरॉक भरलं. चार पानं म्हणजे शुभशकुन, एवढंच त्याच्या मनात. कोश काढून बघितला तर चार पानांच्या क्लोव्हरपुढे ग्रीनअवेने नोंदवलंय, 'माझी हो'.