परदेशातील घर : आधी कायदा, मग किल्ली

‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज म्हणत, ते गावातील घराविषयी. आज इंदूरच्या रामबागेतील वा लोकमान्यनगरातील कित्येक मराठी कुटुंबांतील मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, आणि तेथील घरासाठी आईवडील आपल्या भविष्यनिर्वाह निधीची पुंजी पाठविण्यास सिद्ध होतात. ही पुंजी दुसऱ्यांदा मिळवावयाची नसते. म्हणून घर पाहण्यापूर्वी कायदा पाहणे अगत्याचे ठरते.

याचे बोलके उदाहरण इंदूरशी नाते सांगणारेच आहे. इंदूरनजीकच्या महू येथे 1891 साली जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरात राहिले होते. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये तीस लाखांहून अधिक पौंड मोजून ते घर घेतले, आणि 14 नोव्हेंबर 2015 रोजी स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. किंमत चुकती झाली होती. मालकीविषयी वाद नव्हता. अडचण निघाली ती निराळीच. इंग्लंडमध्ये घराची मालकी आणि त्याचा वापर या दोन भिन्न गोष्टी होत. राहत्या घराचे संग्रहालय करावयाचे, तर स्थानिक परिषदेची अनुमती लागते. कॅम्डेन परिषदेने 2018 मध्ये ती नाकारली. सार्वजनिक चौकशी झाली, आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी अनुमती दिली. शासनाला चार वर्षे थांबणे शक्य होते; सामान्य कुटुंबाला ते झेपणारे नाही.

तयारीची पहिली पायरी इंदूरमध्येच आहे. 1999 च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील योजनेनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत बाहेर पाठविता येते. ठराविक रकमेपलीकडे बँक आगाऊ कर वसूल करते. तो पुढे विवरणपत्रात जमेस धरता येतो, परंतु तेवढी रोकड आधी हाताशी हवी.

यानंतर घर कोणाच्या नावे, हे ठरवावे. आईवडिलांचे नाव लागले, तर त्यांना आपल्या प्राप्तिकर विवरणपत्रात ती मालमत्ता दरवर्षी दाखवावी लागते. न दाखविल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्यान्वये दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मुलाला रीतसर बक्षीस दिली, तर ही जबाबदारी राहत नाही. मात्र घरावर त्यांचा हक्कही राहत नाही. हा निर्णय संकोच न करता, घरी एकत्र बसून घ्यावा.

दुसरी पायरी परदेशातील. त्या देशात परकीयास घर घेता येते काय, हा पहिला प्रश्न. कॅनडाने 1 जानेवारी 2023 पासून आणि ऑस्ट्रेलियाने जुन्या घरांपुरती 1 एप्रिल 2025 पासून मुदतीची बंदी घातली. इंग्लंडने 1 एप्रिल 2021 पासून अनिवासी ग्राहकांवर दोन टक्के जादा मुद्रांक कर बसविला.

इंग्लंडमध्ये विक्रेत्याचा होकार म्हणजे करार नव्हे. उभय पक्षांच्या करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही माघार घेऊ शकतो. त्यानंतर मात्र माघार घेणाऱ्या ग्राहकाची अनामत, जी बहुधा दहा टक्के असते, बुडते. तेव्हा मालकीचा नोंदउतारा, भाडेपट्ट्याची उरलेली वर्षे आणि वापराची अनुमती ही तपासणी सॉलिसिटरकडून तत्पूर्वीच करवून घ्यावी. पैसा कोठून आला, हेही तो विचारतो. बँकेचे उतारे, विवरणपत्रे व बक्षीसपत्र आधीच जुळवून ठेवणाऱ्याचे काम लवकर उरकते. कागदांपायी अडणाऱ्याचे घर दुसरा घेऊन जातो.

वेळ वाचतो तो घाईने नव्हे, क्रमाने. अनुमती, पैसा, नाव आणि तपासणी या चार गोष्टी झाल्या, की मगच सही करावी. किल्ली हाती येण्यास त्यामुळे थोडे दिवस अधिक लागतील. परंतु त्या किल्लीने उघडणारे दार पुन्हा कोणी बंद करणार नाही.