विश्लेषण : सिग्नल येण्याच्या पाव शतक आधीच तो शोधण्याची तयारी… संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींसाठी नेमके काय केले?

गुरुत्वीय लहरी म्हटले की अमेरिकेतील लायगो वेधशाळा आणि २०१७ चे नोबेल आठवते. पण उपकरण उभारले म्हणजे लहर सापडली, असे होत नाही. यंत्रातून येणाऱ्या प्रचंड गोंगाटातून ती ओळखायची कशी, हा वेगळा आणि तितकाच अवघड प्रश्न होता. त्याचे गणित मांडणाऱ्यांत पुण्याच्या ‘आयुका’तील डॉ. संजीव धुरंधर यांचे नाव अग्रक्रमाने येते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार असल्याने हे काम समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

गुरुत्वीय लहरी शोधणे इतके अवघड का?

दोन कृष्णविवरे किंवा न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि धडकतात, तेव्हा अवकाश-काळात लहरी उठतात. आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये त्यांचे भाकीत केले होते. मात्र या लहरी पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेल्या असतात. लायगोच्या प्रत्येक भुजेची लांबी ४ किलोमीटर आहे. लहर येते तेव्हा या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी कमी असतो.

याच यंत्रात जमिनीची थरथर, आरशांतील अणूंची उष्णतेमुळे होणारी हालचाल आणि लेझरमधील चढउतार असा सगळा गोंगाट मिसळलेला असतो. बहुतेक वेळा खरा सिग्नल या गोंगाटाखाली पूर्ण दबलेला असतो. आलेख डोळ्यांनी पाहून तो दिसत नाही.

धुरंधर या क्षेत्रात आले तेव्हा परिस्थिती काय होती?

ती फारशी आशादायक नव्हती. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ वेबर यांनी १९६९ मध्ये गुरुत्वीय लहरी सापडल्याचा दावा केला होता. इतरांना तो निकाल पुन्हा मिळाला नाही आणि या विषयाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. जमेची बाजू एकच होती. १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांनी शोधलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीची कक्षा आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतानुसारच आकसत होती. म्हणजे लहरी होत्या, पण त्या थेट पकडता येत नव्हत्या.

या काळात, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, धुरंधर यांनी ब्रिटनमधील कार्डिफ येथे बर्नार्ड शुट्झ यांच्या गटात काम केले. १९८८ मध्ये मास्सिमो टिंटो यांच्यासोबत त्यांनी अनेक वेधयंत्रांच्या जाळ्यातून लहरीचा स्रोत कसा शोधायचा यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यावेळी असे जाळे सोडाच, लायगोचे बांधकामही सुरू झालेले नव्हते. त्याच वर्षी डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात आयुकाची स्थापना झाली. सुरुवातीच्या काळातच धुरंधर तेथे आले आणि पुढचे संशोधन त्यांनी पुण्यातूनच केले.

१९९१ च्या शोधनिबंधात काय होते?

दादर स्थानकाच्या गर्दीत, गाड्यांच्या आवाजात कुणी आपले नाव पुकारले तर ते चटकन ऐकू येते. कारण त्या आवाजाचा नमुना मेंदूला आधीच ठाऊक असतो. ‘मॅच्ड फिल्टरिंग’ ही सिग्नल प्रोसेसिंगमधील पद्धत याच तत्त्वावर चालते. अपेक्षित लहरीचा नमुना, म्हणजे टेम्प्लेट, आधी तयार करायचा. तो यंत्राच्या डेटावर सरकवत प्रत्येक ठिकाणी गुणाकार करून बेरीज घ्यायची. गोंगाट कधी अधिक, कधी उणे असल्याने बेरजेत बराचसा पुसला जातो. खरा सिग्नल मात्र नमुन्याशी जुळल्याने साचत जातो आणि वर येतो.

अडचण अशी की लहरीचा आकार धडकणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानावर अवलंबून असतो आणि ते आधी माहीत नसते. त्यामुळे एक नव्हे, असंख्य टेम्प्लेट लागतात. फार कमी ठेवले तर सिग्नल निसटतो, फार जास्त ठेवले तर संगणक पुरे पडत नाहीत. मग टेम्प्लेट किती आणि किती अंतरावर ठेवायचे? बी. एस. सत्यप्रकाश आणि धुरंधर यांच्या १९९१ च्या शोधनिबंधाने या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर दिले. आज ज्याला ‘टेम्प्लेट बँक’ म्हणतात, त्याचा हा पाया मानला जातो.

पुढे या पद्धतीत कोणते बदल झाले?

१९९६ मध्ये आर. बालसुब्रमण्यन, सत्यप्रकाश आणि धुरंधर यांनी या प्रश्नाला भूमितीचे रूप दिले. प्रत्येक संभाव्य सिग्नल म्हणजे एका पृष्ठभागावरील बिंदू. दोन सिग्नल जितके वेगळे, तितके त्या बिंदूंमधील अंतर जास्त. एकदा अंतर मोजता आले की टेम्प्लेट अंदाजाने नव्हे, तर हिशेबाने पेरता येतात. सापेक्षता सिद्धांतात वापरली जाणारी भूमिती अशा प्रकारे डेटा विश्लेषणात आली.

संगणकावरील भार कमी करण्यासाठी सौम्य मोहंती यांच्यासोबत धुरंधर यांनी टप्प्याटप्प्याचा शोध सुचवला. ही कल्पना एमपीएससीच्या पूर्व आणि मुख्य परीक्षेसारखी आहे. आधी मोजक्या टेम्प्लेटने सगळा डेटा चाळायचा, मग जिथे काही हाती लागण्याची शक्यता आहे तिथेच बारीक तपासणी करायची.

पुढे अर्चना पै आणि सुकांत बोस यांच्यासोबत त्यांनी अनेक वेधयंत्रांचा डेटा एकत्र जोडून, जणू एकच मोठे यंत्र आहे असे समजून शोध घेण्याची पद्धत विकसित केली. पै आज आयआयटी मुंबईत याच विषयावर संशोधन करतात.

प्रत्यक्ष लहर सापडेपर्यंत किती वाट पाहावी लागली?

लायगोची पहिली पिढी २००२ ते २०१० या काळात निरीक्षणे घेत होती. तिला एकही लहर सापडली नाही. सप्टेंबर २०१० मध्ये मात्र एक ठळक सिग्नल दिसला. शास्त्रज्ञांनी काही महिने विश्लेषण केले, शोधनिबंधही लिहिला. मार्च २०११ मध्ये सीलबंद पाकीट उघडले तेव्हा कळले, की यंत्रणेची परीक्षा घेण्यासाठी तो सिग्नल मुद्दाम घुसवलेला होता. लहर खोटी निघाली, पण ती शोधणारी पद्धत खरी ठरली.

सुधारित यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली खरी लहर टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे १.३ अब्ज प्रकाशवर्षे दूर एकत्र आली होती. लिव्हिंग्स्टन येथे पोहोचलेली लहर हॅनफर्ड येथे सुमारे ७ मिलिसेकंदांनी टिपली गेली. याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली.

त्या शोधात मॅच्ड फिल्टरिंगचा वाटा किती होता?

पहिला इशारा टेम्प्लेट न वापरणाऱ्या दुसऱ्या प्रणालीने काही मिनिटांत दिला होता, कारण सिग्नल असाधारण ठळक होता. परंतु ही लहर कृष्णविवरांच्या मिलनाचीच आहे आणि योगायोग नाही, हे ठामपणे सांगण्यासाठी सुमारे अडीच लाख टेम्प्लेटच्या मॅच्ड फिल्टरिंगचा आधार घेण्यात आला. निव्वळ गोंगाटामुळे असा सिग्नल दिसण्याची शक्यता २ लाख ३ हजार वर्षांत एकदा, त्याहूनही कमी, असा निष्कर्ष निघाला.

पद्धतीची खरी कसोटी २६ डिसेंबर २०१५ रोजी लागली. त्या दिवशी आलेली दुसरी लहर सुमारे १४ आणि ८ सौर वस्तुमानांच्या कृष्णविवरांची होती. ती गोंगाटात इतकी मिसळली होती की डेटाच्या आलेखात डोळ्यांना दिसत नव्हती. टेम्प्लेट नसते तर ती निसटली असती.

धुरंधर यांचे काम लायगोपुरतेच आहे का?

नाही. युरोपीय अवकाश संस्थेची ‘लिसा’ ही मोहीम अवकाशातून गुरुत्वीय लहरी शोधणार आहे. तिचे प्रक्षेपण २०३५ मध्ये अपेक्षित आहे. तीन यानांमधील अंतर सुमारे २५ लाख किलोमीटर असेल आणि ते सतत बदलत राहील. भुजा समान नसल्यामुळे लेझरचा गोंगाट आपोआप रद्द होत नाही. वेगवेगळ्या वेळी नोंदलेला डेटा ठरावीक विलंबाने जोडून तो गोंगाट काढावा लागतो. हे जोड कोणकोणते असू शकतात, याची बीजगणितीय मांडणी धुरंधर, राजेश नायक आणि जाँ-इव्ह विने यांनी २००२ मध्ये केली. म्हणजे याही बाबतीत यंत्र येण्याच्या तीन दशके आधी गणित तयार होते.

लायगो-इंडियामुळे काय बदलेल?

पहिल्या लहरीच्या वेळी दोनच यंत्रे होती. त्यामुळे स्रोत आकाशाच्या सुमारे ६०० चौरस अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी आहे, इतकेच सांगता आले. हे क्षेत्र पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे ३ हजार पट भरते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी न्यूट्रॉन ताऱ्यांची लहर आली तेव्हा इटलीतील व्हर्गो यंत्रही सुरू होते. शोधाचे क्षेत्र सुमारे २८ चौरस अंशांवर आले आणि दुर्बिणींना काही तासांत १३ कोटी प्रकाशवर्षे दूरची दीर्घिका सापडली.

जगाच्या नकाशावर यंत्रे जितकी दूरदूर, तितकी दिशा अचूक. भारतातील यंत्राचे महत्त्व यातच आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. आयुका, इंदूरची आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय त्यात सहभागी आहेत.

अनेक यंत्रांच्या जाळ्यातून स्रोताची दिशा कशी काढायची, हा धुरंधर यांच्या १९८८ च्या शोधनिबंधाचा विषय होता. औंढा नागनाथचे यंत्र सुरू होईल तेव्हा त्या जाळ्याचा एक कोपरा महाराष्ट्रात असेल. मात्र त्यासाठी यंत्राइतकीच त्याचा डेटा वाचू शकणाऱ्या तरुणांची गरज लागेल. धुरंधर आणि संजित मित्रा यांनी २०२२ मध्ये सापेक्षता आणि गुरुत्वीय लहरींवर पाठ्यपुस्तक लिहिले, ते अशाच विद्यार्थ्यांसाठी.