पडद्याआडील लोकसेवा

शासनाच्या बहुतेक खात्यांचे काम लोकांच्या नजरेस पडते. गुप्तवार्ता यंत्रणेचे तसे नाही. तेथील यश सांगता येत नाही आणि अपयश लपविता येत नाही. अशा यंत्रणेचे नेतृत्व करणारा अधिकारी कसा घडतो, हे रामेश्वरनाथ काव यांच्या कारकिर्दीवरून समजून घेता येते.

काव यांचा जन्म 1918 साली वाराणसी येथे झाला. अलाहाबाद विद्यापीठातून इंग्रजी वाङ्मयाची एम. ए. पदवी घेऊन 1940 मध्ये ते पोलीस सेवेत दाखल झाले. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास त्यांची केंद्रीय गुप्तवार्ता विभागात नियुक्ती झाली. 11 एप्रिल 1955 रोजी चिनी प्रतिनिधींना बांडुंग परिषदेकडे नेणारे एअर इंडियाचे 'कश्मीर प्रिन्सेस' हे विमान टाइमबॉम्बच्या स्फोटामुळे समुद्रात कोसळले. वैमानिक कॅप्टन जटार यांच्यासह 16 जण प्राणास मुकले. या घातपाताच्या तपासाची नाजूक जबाबदारी काव यांच्यावर सोपविण्यात आली होती.

नव्या विभागाची उभारणी

1962 आणि 1965 च्या युद्धांनी परदेशविषयक माहितीतील उणिवा उघड केल्या. देशांतर्गत व परदेशीय अशी दोन्ही कामे एकाच विभागाने सांभाळणे कठीण झाले होते. म्हणून सप्टेंबर 1968 मध्ये 'संशोधन व विश्लेषण विभाग', म्हणजेच 'रॉ', स्थापन झाला आणि काव त्याचे पहिले प्रमुख झाले. विभागाचे नावच त्याच्या कार्याची दिशा दाखविते. माहिती मिळविणे हे निम्मे काम होय. ती पडताळून तिचा अर्थ लावणे हे उरलेले निम्मे. 1971 च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात या विभागाच्या सिद्धतेची कसोटी लागली.

इशारा आणि निर्णय

तथापि, माहिती देणाऱ्याच्या अधिकारास मर्यादा असते. शेख मुजिबुर रहमान यांच्याविरुद्ध त्यांच्याच सैन्यात कट शिजत असल्याची वार्ता मिळताच, डिसेंबर 1974 मध्ये काव स्वतः ढाक्याला गेले व त्यांनी मुजीब यांना सावध केले. ही तर आपलीच मुले आहेत, अशा भावनेने मुजीब यांनी तो इशारा मनावर घेतला नाही. 15 ऑगस्ट 1975 रोजी त्यांची हत्या झाली. वार्ता अचूक होती, वेळेवर पोहोचली होती. परंतु निर्णय ऐकणाऱ्याच्या हाती होता.

1977 साली सत्तांतर झाले आणि काव निवृत्त झाले. आणीबाणीच्या अनुभवामुळे नवे शासन या विभागाकडे संशयाने पाहत होते. त्याच्या कामास कात्री लागली. पुढे इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यानंतर त्यांनी सुरक्षा सल्लागार म्हणून काम पाहिले. 2002 मध्ये त्यांचे निधन झाले.

गोपनीयता आणि उत्तरदायित्व

माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 24 अन्वये केंद्रीय गुप्तवार्ता विभाग व 'रॉ' यांना त्या अधिनियमातून वगळण्यात आले आहे. मात्र भ्रष्टाचार व मानवी हक्कांचे उल्लंघन यांबाबतच्या आरोपांना ही सूट लागू नाही. गोपनीयता देशाच्या रक्षणासाठी असते, चुका झाकण्यासाठी नव्हे, हेच तत्त्व यातून स्पष्ट होते.

गावचा तलाठी असो वा देशाचा गुप्तवार्ता प्रमुख, खरी माहिती वेळेवर आणि निर्भीडपणे वरिष्ठांपुढे ठेवणे हे लोकसेवकाचे पहिले कर्तव्य होय. ती ऐकून घेणे हे सत्ताधाऱ्याचे कर्तव्य. यांपैकी एक जरी चुकले, तरी त्याची किंमत जनतेलाच मोजावी लागते.