जादूचे दार आणि माणसाचे शरीर

श्रोतेहो, एका दारातून आत पाऊल टाकावे आणि दुसऱ्याच क्षणी शेकडो कोसांवर बाहेर पडावे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. नारदमुनींचा त्रिलोकसंचार आपण कीर्तनांत ऐकला आहे. अरबी कथांतला उडता गालिचा शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. पाश्चात्त्य कथाकारांनी या कल्पनेला यंत्राचे रूप दिले. १८७७ साली एडवर्ड पेज मिचेल या अमेरिकन लेखकाने अशा एका शास्त्रज्ञाची गोष्ट लिहिली. तो स्वतःला तारेतून दूर पाठवू पाहतो. पण मध्येच विजेची बॅटरी संपते आणि पलीकडे पोहोचते ते फक्त त्याचे डोके! १९५७ साली जॉर्ज लांजलान यांच्या ‘द फ्लाय’ या कथेत यंत्रात माणसाबरोबर एक माशी शिरते आणि दोघांची शरीरे एकमेकांत मिसळतात.

असे दार कोणी बनवलेले नाही. पण समजा, ते बनले. तर त्यातून जाणाऱ्या माणसाचे काय होईल? हा प्रश्न पोरकट नाही. त्याचे उत्तर शोधू लागलो की आपले शरीर कशाकशाच्या आधाराने चालते, ते कळू लागते.

पहिली गोष्ट हवेची. मुंबईच्या चौपाटीवर एक दार आहे आणि त्याची दुसरी बाजू महाबळेश्वरला उघडते, असे धरून चालू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. हा फरक ऐकायला लहान वाटतो. पण हिशेब केला तर दर चौरस मीटरवर तो सुमारे दीड टन भरतो. दोन मीटर उंच आणि एक मीटर रुंद दारावर तीन टन! म्हणजे दार उघडताच मुंबईची हवा पलीकडे अशी धाव घेईल की, चक्रीवादळाचा वाराही तिच्यापुढे फिका पडावा. माणूस चालत जाणारच नाही, तो फेकला जाईल.

वाऱ्याचा बंदोबस्त झाला, तरी कान राहिलेच. आंबेनळी घाटातून एस.टी. वर चढू लागली म्हणजे कानाला दडे बसतात, हा अनुभव पुष्कळांना आहे. कानाच्या पडद्याच्या आतली हवा आणि बाहेरची हवा यांचा दाब सारखा राहावा म्हणून घशापासून कानापर्यंत एक बारीक नळी असते. आवंढा गिळला की ती उघडते आणि कान मोकळा होतो. घाट चढायला तास लागतो, म्हणून हे काम निभावते. दारातून जाणाऱ्याला तेवढी सवड कोठून मिळणार?

दाब एकाएकी बदलल्याने काय होते, हे जगाने प्रत्यक्ष पाहिले आहे. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८७० ते १८८३ या काळात बांधला गेला. नदीच्या तळाशी पाया खणण्यासाठी मोठ्या पेट्या बुडवून त्यांत दाबाखाली हवा भरली होती आणि मजूर त्या हवेत काम करीत. पाळी संपली की ते झटकन वर येत. मग कोणाचे सांधे असह्य दुखत, कोणाचे पाय लुळे पडत, काही जण दगावले. मुख्य अभियंते वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ साली या दुखण्याने अंथरुणाला खिळले आणि पुढे त्यांच्या पत्नी एमिली यांनी त्यांच्या सूचना कामावर पोहोचवून पूल पुरा करून घेतला. कारण सोपे आहे. गोटी सोड्याची बाटली फोडली की दाब उतरतो आणि विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. तसाच रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर येतो. १९०८ साली हॉल्डेन या शास्त्रज्ञाने पाणबुड्यांना टप्प्याटप्प्याने वर आणण्याची कोष्टके दिली. औषध काय, तर सावकाशी!

दुसरी गोष्ट वेगाची. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मुंबई त्या फेऱ्यात ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. आपल्याला ते जाणवत नाही, कारण घर, जमीन, हवा सारेच बरोबर चाललेले असते. नागपूरही जवळजवळ त्याच वेगाने चालले आहे. मग अडचण कोठे? अडचण दिशेची आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे मुंबईची पूर्व आणि नागपूरची पूर्व या दोन दिशा एक नाहीत. त्यांत सव्वासहा अंशांचा फरक पडतो. शिक्षकांनी पृथ्वीच्या गोलावर दोन काड्या चिकटवून हे मुलांना दाखवावे. मुंबईचा वेग अंगात घेऊन कोणी नागपूरच्या दारातून बाहेर पडला, तर त्याचा आणि तेथल्या जमिनीचा मेळ ताशी सुमारे १७० किलोमीटरने चुकेल आणि तो बहुतेक वरच्या दिशेने उडेल! उलट नागपूरहून मुंबईला येणारा जमिनीवर असा आदळेल, जणू शंभर मीटर उंचीवरून पडला. धावत्या गाडीतून उडी मारणाऱ्याचे जे होते, त्याचाच हा मोठा प्रकार आहे.

तिसरी गोष्ट उष्णतेची. उंचावर जायला शक्ती खर्चावी लागते. आपण पायी चढतो तेव्हा ती किंमत भाकरीतून भरतो. गाडीने गेलो तर डिझेलमधून. उतारावर ती परत मिळते, म्हणून तर घाट उतरताना ब्रेक तापतात. दारातून गेलेल्याने ही किंमत कोठून भरावी? ती अंगातल्या उष्णतेतून वळती झाली, तर मुंबईहून महाबळेश्वरला पोहोचताच शरीराचे तापमान सुमारे पावणेचार अंश सेल्सिअसने उतरेल. ३७ चे ३३ च्या घरात जाईल आणि माणूस गारठून बेशुद्धीकडे झुकेल. येताना तेवढेच चढेल, म्हणजे ४१ च्या जवळपास ताप! लॅरी निव्हेन या अमेरिकन विज्ञानकथाकाराने अशा अडचणींवर एक निबंधच लिहिला आहे.

आता दुसऱ्या जातीचे दार पाहू. हे दार माणसाला जसाच्या तसा नेत नाही. त्याचा कण न् कण मोजून, त्या नोंदीवरून पलीकडे नवा माणूस उभा करते. मध्यम बांध्याच्या माणसात सातावर सत्तावीस शून्ये द्यावीत इतके अणू असतात. एवढी नोंद घेताना चूक झाली तर? आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा आजार आढळतो. शरीराच्या आराखड्यातल्या सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी हिमोग्लोबिनच्या सूचनेतले एकच अक्षर बदललेले असते. आईबाप दोघांकडूनही ते बदललेले अक्षर मुलाला आले, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि वेदना जन्मभर साथ करतात. एका अक्षराची ही किंमत आहे!

प्रयोगशाळेत ‘दूरप्रेषण’ झाले आहे, हे खरे. १९९३ साली त्याची उपपत्ती मांडली गेली, १९९७ साली प्रकाशकणांवर प्रयोग झाला आणि त्या प्रयोगाच्या चमूचे प्रमुख अँटोन झायलिंगर यांना २०२२ साली इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पण तेथे कण स्वतः जात नाही. त्याची अवस्था दुसऱ्या कणावर उतरते आणि मूळ कणाची ती अवस्था पुसली जाते. माणसाच्या बाबतीत असे झाले, तर पलीकडे उभा राहिलेला तो आपलाच माणूस म्हणावा की त्याची नक्कल, याचे उत्तर अजून कोणाच्या हाती नाही.

श्रोतेहो, असे दार नसले तरी त्याची धाकटी भावंडे आज आपल्या वापरात आहेत. विमानाने न्यूयॉर्कला गेलेल्याच्या घड्याळात दहा तासांच्या आसपास फरक पडतो. पण शरीरातले घड्याळ दिवसाला साधारण एक तासच सरकते. म्हणून आठवडाभर त्याला अवेळी झोप येते नि अवेळी भूक लागते. केदारनाथला साडेतीन हजार मीटरांवर हवेचा दाब मुंबईच्या दोनतृतीयांशाहूनही थोडा कमी, आणि प्राणवायूही त्याच मानाने विरळ. पूर्वी यात्रेकरू पायी जात, मुक्काम करीत, शरीर हळूहळू सरावत असे. हेलिकॉप्टर आता काही मिनिटांत तेथे नेऊन सोडते. लडाखला विमानाने जाणाऱ्यांचीही तीच गत.

तेव्हा आपल्या गावातून कोणी अशा ठिकाणी निघाले, तर त्यांना एवढे जरूर सांगा. शक्यतो वाटेत मुक्काम करीत वर जावे. पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांती घ्यावी, पाणी पीत राहावे, दारूला स्पर्श करू नये. हृदयाचा किंवा दम्याचा विकार असेल, तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. डोके दुखणे, मळमळणे ही पहिली खूण समजावी आणि आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, बोलणे असंबद्ध झाले, चालताना झोक जाऊ लागला, तर दर्शनाची वाट न पाहता त्या माणसाला ताबडतोब खाली आणावे. देव पुढच्या वर्षीही तेथेच असतो. माणूस मात्र जपावा लागतो.