पायथनला दुसरा दुभाष्या. पण पहिल्याला हात लावू नका

शिरवळ : नीरा नदी ओलांडून पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात शिरले, की लागणाऱ्या या गावातील एका परिचितांच्या दूध संकलन केंद्रावर लिनक्सवर चालणारा जुना संगणक आहे. दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिले त्यावर निघतात. फॅट आणि एसएनएफनुसार प्रत्येक नोंदीचा दर ठरविणारा प्रोग्रॅम पायथन भाषेत लिहिलेला आहे. नोंदी वाढल्या, तसा तो मंदावला. त्याचा वेग वाढवून देण्याचे प्रस्तुत वार्ताहराने उत्साहाने मान्य केले आणि बिलाच्या आदल्या दिवशी संगणकच बंद पाडला.

पायथन ही भाषा आणि पायथन नावाचा प्रोग्रॅम एकच, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः भाषा म्हणजे केवळ नियम. ते वाचून संगणकाकडून काम करून घेणारा दुभाष्या, म्हणजेच इंटरप्रिटर, वेगळा असतो. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या मूळ दुभाष्याला आज सीपायथन म्हणतात, कारण तो सी भाषेत लिहिला आहे. २००३ साली काम सुरू झालेला 'पायपाय' हा त्याचा पर्याय.

दोघांतील फरक दूधबिलाच्या उदाहरणाने चटकन उमगतो. हजारो नोंदींवर तेच गणित करायचे असले, तरी सीपायथन सामान्यतः प्रत्येक नोंदीला त्याच सूचना पुन्हा एकेक करून वाचतो. पायपाय मात्र कोणता भाग वारंवार चालतो, यावर लक्ष ठेवतो आणि तेवढ्या भागाचे प्रोसेसरच्या भाषेत थेट रूपांतर करून ठेवतो. पुढच्या नोंदी मग झपाट्याने उरकतात.

आमची चूक साधी होती. नवा आणायचा तर जुना काढावा, असे वाटले. परंतु उबुंटूसारख्या लिनक्समधील अनेक अंतर्गत साधने त्याच पायथनवर चालतात. तो काढताना आणखी काय काय जाईल, याची लांबलचक यादी पडद्यावर आली होती. ती न वाचताच होकार दिला. नंतर उरला तो आज्ञा टंकण्याचा काळा पडदा. बिलांच्या नोंदी शाबूत होत्या, एवढेच नशीब. त्या पेन ड्राइव्हवर घेऊन रात्री लिनक्स नव्याने बसवावे लागले आणि सकाळची बिले संध्याकाळी निघाली.

योग्य मार्ग याहून सोपा आहे. डेबियन व उबुंटूच्या पॅकेज भांडारात पायपाय स्वतंत्र नावाने मिळतो. तो बसविल्याने मूळ पायथनला धक्का लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या प्रोसेसरला साजेशी संकुचित फाइल पायपायच्या संकेतस्थळावरून उतरवून घेऊन स्वतःच्या फोल्डरमध्ये उलगडणे. त्यासाठी प्रशासकाचा पासवर्डही लागत नाही. प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी मात्र नव्या दुभाष्यासाठी पुन्हा बसवावी लागते, आणि ती 'व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट' नावाच्या वेगळ्या कप्प्यातच बसवावी. मूळ पायथनमध्ये परस्पर भर घालण्यास २०२३ साली आलेल्या डेबियन १२ पासून यंत्रणाच अडवते, हे उत्तम झाले. आमच्यासारख्यांसाठीच ते असावे!

पायपाय सर्वत्र उपयोगी नाही. क्षणभरात संपणाऱ्या कामात त्याचा लाभ दिसत नाही, कारण वारंवार चालणारा भाग हेरण्यातच वेळ जातो. मेमरीही तो बऱ्याचदा अधिक घेतो. नमपायसारख्या, सी भाषेवर आधारलेल्या लायब्ररीबरोबर तो उलट मंद पडू शकतो. शिवाय पायथनची नवी आवृत्ती त्याच्यापर्यंत उशिराने पोहोचते. त्यामुळे पैशांचा हिशेब असेल, तर एकाच महिन्याच्या नोंदी दोन्ही दुभाष्यांवर चालवून बेरजा ताडून पाहाव्यात. लिनक्स आणि पायथनची ओळखच नसेल, तर मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठी पाठ उपयोगी पडतील.

शिरवळच्या केंद्रावर आता हिशेब पायपायवर होतो. छपाईचा भाग जुन्या दुभाष्याकडेच ठेवला आहे. तेथे वेळ लागत होता तो प्रिंटरमुळे.