ब्लँकेट टाका

ब्लँकेट टाका हा कापडाची कड बांधून घेण्यासाठी हाताने घातला जाणारा भरतकामातील एक मूलभूत टाका आहे. लोकरीच्या ब्लँकेटांच्या कडा या टाक्याने बांधल्या जात, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. हेच टाके एकमेकांना चिकटून घातले की काजाचा टाका होतो. शिंप्याच्या पक्क्या काजात प्रत्येक टाक्याला कडेवर आणखी एक गाठ बसते.

कृती

उजव्या हाताने काम करणारी व्यक्ती कड आपल्याकडे धरून डावीकडून उजवीकडे जाते. प्रथम दोरा कडेवर बाहेर काढतात. मग सुई कडेपासून सुमारे ५ मिमी आत, वरून खाली घालून कडेखालून बाहेर आणतात. या वेळी दोरा सुईच्या टोकाखाली असावा लागतो. तो राहून गेल्यास कडेवर फास पडत नाही आणि टाका साध्या तिरप्या टाक्यासारखा दिसतो. दोरा सरळ आपल्याकडे ओढल्यावर फास कडेवर स्थिरावतो. फार ताणल्यास कड गोळा होते, सैल सोडल्यास फास लोंबतो. कोपऱ्यावर एकाच छिद्रातून तीन टाके घेतात. त्यांतील मधला टाका कोपऱ्याच्या टोकाकडे तिरपा जातो. टाक्यांची लांबी व अंतर सारखे राखणे नवशिक्यांना अवघड जाते, म्हणून सरावासाठी चौकडीचे कापड सोयीचे असते.

कापडानुसार वापर

विणलेल्या कापडाची कापलेली कड उसवते, कारण कडेला समांतर असलेले सुटे धागे एकेक करून निसटतात. दूर-दूर घातलेला ब्लँकेट टाका त्यांना पुरेसा अडवू शकत नाही. त्यामुळे सुती कापडाची कड आधी दुमडून घ्यावी लागते किंवा टाके दाट घालावे लागतात. नमद्यात तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने तो उसवत नाही. तेथे हा टाका मुख्यतः शोभेचा व दोन तुकडे जोडण्याचा ठरतो.

कापडाचे तुकडे दुसऱ्या कापडावर बसवण्याच्या कामात, म्हणजे ॲप्लिकमध्ये, हा टाका विशेष वापरला जातो. कटवर्कमध्ये नक्षीची कड काजाच्या टाक्याने आधी बांधतात आणि मगच आतले कापड कापतात. कच्छच्या आरसेकामात आरशावर आडवे-उभे दोरे ताणून त्यांभोवती याच जातीचे टाके गुंफले जातात. १६ व्या शतकात व्हेनिसमध्ये हे टाके कापडाचा आधार सोडून केवळ दोऱ्यांवर घातले जाऊ लागले आणि त्यातून सुईने विणलेली लेस विकसित झाली.